मागच्या रांगेतला मामा

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये, असं आमच्या उंद्रीत म्हातारी माणसं अजूनही म्हणतात. पण आमच्या दुकानावर हातभर अक्षरांत ‘भागवत फोटो स्टुडिओ’ लिहिलेलं आहे आणि बसस्टँडवर उतरलेला कोणीही ते मोठ्यानं वाचतो. मग मीच कोणाचं घोडं मारलंय? मी भागवतच लिहिणार. आणि लिहिताना शाळेतलं मराठी लिहिणार, कारण वऱ्हाडी मी भांडणासाठी राखून ठेवली आहे.

भागवत वीस-बावीस वर्षं फोटो काढतोय. रोलच्या शेवटच्या दिवसांत तो खामगावात हबीबचाचांच्या स्टुडिओत शिकला आणि मग गावात येऊन त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. शाळेचे फॉर्म, बारशी, साक्षगंध, लग्नं. कोणाच्या घरचं माणूस गेलं की ते लोक आधार कार्ड घेऊन येतात आणि त्या नखाएवढ्या फोटोवरून भिंतीवर लावायला मोठा फोटो मागतात. ते काम भागवत चप्पल काढून करतो. गावात कोणाचा कोणता गाल चांगला दिसतो हे त्याला पाठ आहे. लग्नात तो शेवटच्या पंगतीला जेवतो, तोपर्यंत वरण संपलेलं असतं, आणि त्याबद्दल तो कधी बोलत नाही. रागावणं त्याला येत नाही, ते खातं माझ्याकडे. कॉम्प्युटरही माझ्याकडे. फोटो निवडणं, रंग सुधारणं, लग्नाच्या करिझ्मा अल्बमची पानं लावणं, हे सगळं मी करते.

त्याच्यात एकच खोड. नवी वस्तू हाती आली की तो तिच्या मागं खुळा होतो. एकदा फोटोच्या लाइटची मोठी छत्री आणली, तर ती बारशाच्या घरी गोठ्यात उघडली आणि म्हैस दावं तोडून पळाली. बाळाचे फोटो राहिले बाजूला, सगळी मंडळी म्हशीमागे. असा हा माणूस.

मागच्या दिवाळीत त्यानं पन्नास एमएमची लेन्स घेतली. तिच्यात एक पॉइंट आठपर्यंत नंबर जातो, म्हणून तो लहान लेकरासारखा हरखला होता. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. नंबर जितका लहान तितकं भोक मोठं, असा तिथला उलटा कारभार. भोक पूर्ण उघडलं की फोटोत एक पातळ पट्टी तेवढी स्पष्ट येते, तिच्या पुढचं आणि मागचं सगळं विरघळून जातं. भोक बारीक केलं की ती पट्टी रुंद होते. याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आज मी हे मोठ्या ऐटीत सांगते आहे, पण तेव्हा आम्हा दोघांना एवढंच ठाऊक होतं की मागचं ब्लर होतं आणि फोटो भारी दिसतो. आणि आमच्या लग्नांत मागं असतं तरी काय? प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे जार, घरघरणारा कूलर आणि त्याच्यासमोर पोट उघडं करून बसलेला कोणाचा तरी काका. ते गेलं तर बरंच की. भागवतनं ती लेन्स एक पॉइंट आठवर लावली आणि ती तिथंच ठेवली.

मार्च महिन्यात जनकाबाईंच्या धाकट्या मुलीचं, अर्पिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला. जनकाबाई आमच्या गल्लीतल्याच. त्यांच्या घरची एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत मामाकुळाची नावं छापतात, त्यात त्यांच्या सख्ख्या भावाचं, जानरावांचंच नाव राहून गेलं. चूक प्रेसवाल्याची होती. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून घरातल्या कोणी तरी शहाण्यानं जानरावांच्या एकट्याच्या पत्रिकेवर बॉलपेननं नाव लिहून ती पाठवून दिली. जानराव राहतात जळगाव जामोदला. त्यांनी शेजाऱ्याची पत्रिका मागून पाहिली आणि सगळं उघडं पडलं. ते लग्नाला आले नाहीत. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या मागं मामा उभा राहतो, तिथं एक लांबचा चुलतभाऊ उभा केला. त्या दिवसापासून जानरावांनी बहिणीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

या वेळी अर्पिता स्वतः बसनं जळगाव जामोदला गेली, दोन दिवस मामाच्या घरी राहिली आणि त्यांना साक्षगंधाला घेऊनच आली. जानराव आले, पण पाहुण्यासारखे आले. खुर्चीच्या कडेला बसले. फॅमिली फोटोला सगळे सोफ्यामागं उभे राहिले, तर ते त्यांच्याही मागं, खांबाजवळ, दोन-तीन हात अंतर राखून उभे. भागवत म्हणाला, मामा, जरा पुढं या. ते म्हणाले, येथूनच घे. भागवतनं तिथूनच घेतला. एक पॉइंट आठवर.

आता माझा गुन्हा. फोटो कॉम्प्युटरवर आले तेव्हा मी फक्त अर्पिताकडे पाहिलं. काय दिसत होती पोरगी. पापणी न् पापणी मोजून घ्यावी. जनकाबाईंनी सांगितलं होतं की एक फॅमिली फोटो मोठा करून फ्रेम लावून द्या, भावाला पाठवायचा आहे. मी तोच निवडला. मागं कोण कसं आलंय ते मोठं करून पाहण्याची तसदी मी घेतली नाही. फ्रेम जळगाव जामोदला गेली.

आठवड्याच्या आत ती परत आली. त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तीच सुतळी. जनकाबाई ती घेऊन दुकानात आल्या आणि काउंटरवर ठेवून स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. आम्ही फ्रेम उघडली. सोफ्यावरची दोघं लख्ख. त्यांच्या मागची रांग जराशी पुसट. आणि सगळ्यांच्या मागं खांबाजवळ एक पांढरा शर्ट, त्याच्यावर ओल्या पाटीवर खडू पुसावा तसा चेहरा. नाक नाही, डोळे नाहीत. मिशी होती तिथं एक काळपट डाग.

“त्यानं निरोप धाडला,” जनकाबाई म्हणाल्या. “म्हणे, यात मी कुठी आहे ते दाखव, मंग लग्नाले येतो.”

लग्न एकवीस दिवसांवर होतं. जनकाबाई निघताना एवढंच म्हणाल्या, की नऊ वर्सानं आला होता वं माहा भाऊ. भागवत फ्रेमकडे असा पाहत होता, की कोणी तरी त्याच्या हातून गेलंय.

त्या दुपारी आमचं भांडण झालं, आणि ते वऱ्हाडीतच झालं. मी म्हणाले, तुम्हाले लेन्स घ्याची अक्कल होती, वापराची नव्हती काय. तो म्हणाला, फोटो तू निवडला. मी म्हणाले, काढला कोणं. भांडण तिथंच मिटलं, कारण दोघांचंही खरं होतं.

मी कॉम्प्युटरवर बसले. पुसट फोटो साफ करून देणारं एक नवं ॲप आहे, त्यात जानरावांचा चेहरा टाकला. दोन मिनिटांत चेहरा चकचकीत होऊन आला. डोळे आले, नाक आलं, मिशीचे केस आले. फक्त तो माणूस जानराव नव्हता. कोणी तरी पन्नाशीचा, नाकाचा बारीक, बँकेत साहेब असावा असा गृहस्थ खांबाजवळ उभा होता. भागवत म्हणाला, बराच जमला की, पाठवून देऊ. मी माऊस हिसकावून घेतला. एका लग्नात त्यांच्या जागी दुसरा मामा उभा केला होता, आता फोटोत तिसरा पाठवायचा का? मी तो फोटो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी भागवत उठला आणि खामगावला हबीबचाचांकडे गेला. मीही गेले, कारण तो अर्धवट ऐकून येतो. हबीबचाचांचा स्टुडिओ आता त्यांचा मुलगा पाहतो, पण चाचा रोज सकाळी येऊन बसतात. त्यांनी फ्रेम पाहिली आणि भागवतला विचारलं, की माझ्याकडे होतास तेव्हा तुला कोणता नंबर सांगितला होता? भागवत म्हणाला, आठ. चाचा म्हणायचे, फ्लॅश लाव, आठ नंबरवर ठेव आणि विसरून जा. त्या एका नंबरावर भागवतनं पुढची वीस वर्षं काढली होती. सगळ्या रांगा स्पष्ट येत होत्या, पण का येतात हे त्यानं कधी विचारलं नाही आणि चाचांनीही कधी सांगितलं नाही.

चाचांनी खणातून रोलच्या जुन्या काळ्या डब्या काढल्या आणि काउंटरवर एकामागं एक नऊ डब्या मांडल्या. तिसऱ्या डबीवर फोकस लावायला सांगितला. एक पॉइंट आठवर तिसरी डबी एकटीच दिसली. चारवर तिच्या आसपासच्या दोन-तीन आल्या. आठवर बऱ्याच आल्या, सोळावर जवळपास सगळ्या. मग त्यांनी भागवतला दोन पावलं मागं सरकवलं, तर पट्टी आणखी रुंद झाली. जवळ बोलावलं, तर आक्रसली. फोकस पहिल्या डबीवर लावला तर पट्टी पुढं वाया जाते, थोडा आत लावला तर मागच्यांना मिळते. आणि भोक बारीक केलं की उजेड कमी पडतो, त्याची सोय आधी करावी लागते. एवढंच शास्त्र. काउंटरवर अर्ध्या तासात मावलं.

“ब्लर तर मशीन करते बेटा,” चाचा म्हणाले. “मांगं कोण उभं आहे, हे तूच पाह्यलं पाह्यजे.”

भागवतनं मान खाली घातली. परतीच्या बसमध्ये तो बोटांनी काही तरी मोजत होता.

त्यानंतर माझं स्वयंपाकघर अंगणात गेलं. तुरीच्या डाळीचा डबा, मुगाचा, शेंगदाण्याचा, साखरेचा, गुळाचा, पोह्यांचा, सगळे एका रेषेत. भागवतनं सुतळीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि जमिनीवर खडूनं खुणा केल्या. रोज सकाळी तो डब्यांचे फोटो काढायचा आणि मी ते कॉम्प्युटरवर मोठे करून डब्यांवरची नावं कोणत्या नंबरला कुठपर्यंत वाचता येतात ते वहीत लिहायची. शेजारणी विचारायच्या, डब्यांचं लग्न आहे काय वं. गुळाला मुंग्या लागल्या. भाजीला मीठ हवं असलं तरी अंगणात पळावं लागायचं. पण मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि माझ्यासारखीनं हे केलं म्हणजे पाहा. आठवड्यानं भागवत डब्यांकडे नुसतं पाहून सांगू लागला, की इथून आठवर साखरेपर्यंत येईल, पोहे यायचे असतील तर अकरा पाहिजे. मी मोठं करून पाहायची आणि ते तसंच निघायचं.

शिकणं झालं, पण त्यानं जानराव थोडेच येणार होते? जनकाबाईंनी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. लग्नाला नऊ दिवस राहिले तेव्हा भागवत म्हणाला, मी जातो त्यांच्याकडे. मी म्हणाले, मी पण येते, फोटो मी निवडला होता.

खामगाव, नांदुरा, मग पूर्णेचा पूल ओलांडून जळगाव जामोद. तिथून जानरावांचा संत्र्याचा बगीचा दोन किलोमीटर, पार डोंगराच्या बाजूला. जानराव झाडाखाली खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, पण पाणी दिलं. चहाही सांगितला. वऱ्हाडात माणूस कितीही रागावला तरी चहा चुकवत नाही, त्यामुळे मला फार आशा वाटली नाही.

भागवतनं वाटेत पाठ केलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. लेन्स नवी होती, नंबर असा होता, भोक असं होतं. जानरावांनी ते दोन मिनिटं ऐकून घेतलं.

“पत्रिकेत प्रेसवाल्याची चूक. फोटोत लेन्सची चूक,” ते म्हणाले. “माणसाची चूक कधी राह्यतच नाही काय बे?”

भागवत थांबला. मला वाटलं, आता हा रडतो. पण तो खाली बसला, त्यांच्या खाटेसमोर मातीत.

“माही चूक आहे मामा,” तो म्हणाला. “तुम्ही मांगं उभे होते, मी पाह्यलंच नाही.”

चहा आला, तो आम्ही प्यायलो. मला तर उठून जावंसं वाटत होतं. मग भागवतनं पिशवीतून कॅमेरा काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाला, मामा, तुम्ही काढा. मला पुढं उभं केलं आणि स्वतः माझ्या मागं पाच-सहा पावलांवर संत्र्याच्या झाडाला टेकून उभा राहिला. जानराव आधी नाही म्हणाले, मग कॅमेऱ्याचं वजन पाहिलं, मग डोळा लावला. बटण दाबलं. भागवतनं येऊन फोटो मोठा करून दाखवला. मी चकचकीत, आणि माझ्या मागं झाडाजवळ भागवतच्या जागी एक निळसर डाग. मग त्यानं नंबर सोळावर नेला आणि परत जाऊन झाडाला टेकला. या वेळी तो फोटोत आला. शर्टाचं तुटलेलं बटण सुद्धा आलं, ज्याबद्दल मला लाज वाटली.

जानरावांनी ते दोन्ही फोटो कितीतरी वेळ मागंपुढं करून पाहिले. मग विचारलं, की नंबर फिरवायचं चाक कोणतं? त्यानंतर त्यांनी माझ्या नवऱ्याला लागोपाठ तीन वेळा गायब केलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या मिशीखाली काही तरी हललं, ते हसूच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दर वेळी भागवत निमूट झाडाला टेकून उभा. तो गायब होतोय हे त्याला कळत होतं आणि तो होऊ देत होता. त्या उन्हात मला त्याचा राग आला नाही, उलट भरून आलं. शेवटी जानरावांनी स्वतःच चाक सोळावर आणलं, एक फोटो काढला आणि कॅमेरा परत दिला.

“लग्नात कोणता लावशील?” त्यांनी विचारलं.

“मांडवात उजेड कमी राह्यते मामा. अकरा. दोन फ्लॅश लावीन.”

“पाहू,” जानराव म्हणाले. आता हे पाहू फ्लॅशबद्दल की लग्नाला येण्याबद्दल, हे काही ते बोलले नाहीत, आणि विचारायची आमची हिंमत नव्हती. निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली. मी जनकाबाईंना संत्री दिली, तर त्या पदराआड घेऊन घरात गेल्या.

लग्न वैशाखातलं, मुहूर्त अकरा वाजून पन्नास मिनिटांचा. आदल्या संध्याकाळी भागवतनं मांडवात जाऊन स्टेजवर खडूनं तीन खुणा केल्या. एक अर्पिताची, एक तिच्या मागं मामाची, एक स्वतःची. दोन कोपऱ्यांत दोन फ्लॅश उभे केले. मामाच्या खुणेवर मला उभं करून फोटो काढून पाहिले. सगळं जमून आलं होतं, फक्त मामाचा पत्ता नव्हता.

सकाळी दहा वाजले, साडेदहा वाजले. नवरदेव पारावरून निघाला, बँड वाजू लागला. जनकाबाई प्रत्येक गाडीच्या आवाजाला मांडवाच्या तोंडाशी यायच्या आणि परत जायच्या. नऊ वर्षांपूर्वीचा तोच लांबचा चुलतभाऊ नवा शर्ट आणि टोपी घालून स्टेजजवळ बसलेला. त्याला कोणी तरी सांगूनच ठेवलं असावं. अर्पिता आत पाटावर बसली होती, ती एकच विचारत होती, मामा आले का. मी दोनदा खोटं बोलले की रस्त्यात आहेत.

अकरा वीसला जळगाव जामोदची एक जीप मांडवासमोर थांबली. जानराव उतरले. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, खांद्यावर नवा दुपट्टा. जनकाबाई पुढं झाल्या, पण मध्येच थांबल्या. जानरावांनी बहिणीकडे एक नजर टाकली आणि ते सरळ स्टेजवर चढून भागवतसमोर उभे राहिले.

“किती नंबर?” त्यांनी विचारलं.

“अकरा, मामा.”

“दाखव.”

भागवतनं कॅमेऱ्याचा आकडा दाखवला. जानरावांनी वाचला, मान हलवली आणि विचारलं, की मी कुठं उभं राहायचं? भागवतनं खडूची खूण दाखवली. चुलतभाऊ कोणी न सांगता उठून मागच्या खुर्चीवर गेला.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. अर्पिता हार घेऊन उभी, तिच्या मागं दीड हातावर जानराव, दोन्ही हात भाचीच्या खांद्यांजवळ धरून. अक्षता इतक्या पडत होत्या की भागवतच्या लेन्सवर, केसात, कॉलरमध्ये तांदूळच तांदूळ. तो खुणेवरून हलला नाही. फोकस अर्पिताच्या पापणीवर नाही, तिच्या कानाजवळ, जरासा आत, जसा हबीबचाचांनी डब्यांवर दाखवला होता. फ्लॅश उडत होते. शेवटचं सावधान झालं, टाळ्या वाजल्या, बँड घुमला. भागवतनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पडद्यावर साक्षगंधाचा फोटोही छानच दिसला होता. त्यामुळे आमच्या दोघांच्याही जिवात जीव नव्हता.

मी कार्ड काढून घेतलं आणि नवरीच्या खोलीत पळाले. तिथं साड्यांच्या ढिगावर लॅपटॉप उघडला. घाईत कार्ड दोनदा उलटं घातलं. फोटो उघडला. अर्पिता, लख्ख. ते मला माहीतच होतं, म्हणून या वेळी मी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागं गेले आणि मोठं करत गेले.

जानराव होते. अख्खे होते. कपाळावरचं कुंकू, भुवईतला पांढरा केस, दुपट्ट्याची वीण, मिशीत अडकलेला अक्षतेचा एक पिवळा दाणा. आणि दोन्ही डोळ्यांतून निघून गालावरून मिशीपर्यंत गेलेलं पाणी. तो माणूस सगळी मंगलाष्टकं रडत होता आणि मांडवातल्या चारशे माणसांत कोणालाही ते कळलं नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच साड्यांवर बसले आणि रडले, मोकळेपणी, आवाज काढून. भागवत दारात आला आणि मला पाहून तिथंच थांबला. त्याला वाटलं, पुन्हा ब्लर आला. मला बोलता येईना, म्हणून मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. त्यानं वाकून पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला आणि म्हणाला, भूक लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या पंगतीला जेवला, आणि मी त्याला उठून दोनदा वरण वाढलं.

मांडवपरतणीला अर्पिता माहेरी येऊन गेली, पाहुणे पांगले. जानराव बहिणीकडे चार दिवस राहिले. जायच्या दिवशी दोघं भाऊबहीण फ्रेम न्यायला दुकानात आले. मी तीच जुनी फ्रेम पुसून तिच्यात नवा फोटो बसवला होता. जानरावांनी ती उजेडाला धरली. स्वतःचं नाक पाहिलं, मिशी पाहिली, मान हलवली. मग त्यांची नजर गालावर गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी मागं वळून बहिणीकडे पाहिलं, ती माझ्याशी बोलत होती. ते काउंटरवर झुकले आणि भागवतच्या कानाशी लागले. पण आमचं दुकान दहा बाय बाराचं आहे, तिथं कानातलंही सगळ्यांना ऐकू येतं.

“लय बारीक दिसून राह्यलं बे,” ते म्हणाले. “हे डोयातलं पाणी तेवढं जरासं ब्लर नाही होत काय?”

भागवतनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. होण्यासारखं होतं, दोन मिनिटांचं काम. पण जनकाबाईंनी पुढं होऊन फ्रेम भावाच्या हातातून काढून घेतली, आणि काचेवर जिथं त्याचा गाल होता तिथं पदरानं धूळ नसताना पुसलं.

“राहू दे भाऊ,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्सं तेच तं पाह्याचं होतं मले.”

जानरावांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, असाच आणखी एक काढून दे, एक हिच्या घरी आणि एक माह्या. मी तेव्हाच दुसरा काढून फ्रेममध्ये बसवला. बस आली तशी दोघांनी एकेक फ्रेम काखेत घेतली, जनकाबाई भावाला बसमध्ये बसवून आल्या, आणि भागवत अंगणात जाऊन राहिलेले डबे आत आणू लागला.